मालकीणबाईंची होडी

मालकीणबाईंना राग आला नसता तर त्यांच्या हातून आयुष्यात काहीच झालं नसतं. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही. तोंडावर म्हणाले होते आणि त्यांनी ते मान्यही केलं होतं. थोरला भाऊ म्हणाला, मुलींना गणित कुठलं जमायला, म्हणून त्या गणित घेऊन पदवीधर झाल्या. हैदराबादेत अफझलगंजच्या घरमालकानं नळाला कुलूप घातलं म्हणून त्यांनी बरकतपुऱ्यात स्वतःचं घर बांधलं. नवरा अकाली गेला तेव्हा सासरच्यांनी सुचवलं की मुलगा आमच्याकडे राहू दे, तुला एकटीला झेपायचा नाही. त्या रागात त्यांनी सिकंदराबादच्या एका ऑफिसात नोकरी धरली आणि मिलिंदला एकटीनं वाढवलं. लोक आशेवर जगतात, देवावर भार टाकून जगतात. बाई रागावर जगल्या आणि चांगल्या जगल्या.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. पुण्याहून नोकरीसाठी आलेली, एकटी, आणि माझाही स्वभाव काही साखरेचा नाही. पहिल्याच आठवड्यात गच्चीवरच्या दोरीवरून आमचं कडाक्याचं वाजलं. मी दार आपटून वर गेले. थोड्या वेळानं त्या स्वतः बगाऱ्या वांग्यांचं पातेलं घेऊन जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, ‘घे पुणेवाली. भांडणारीला जेवू घालावं, गोड बोलणारीला चहावर कटवावं.’ तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पुणेवाली झाले. माझं मराठी त्यांना इस्त्रीचं वाटायचं. त्यांच्या मराठीत दखनी इतकी मुरलेली की मला सुरुवातीला अर्धं कळत नसे. पण रागावल्या की मात्र सगळं कळायचं.

होडीचं मूळही रागातच. नोकरीच्या काळात त्यांची बस रोज तळ्याच्या बांधावरून, टँकबंडवरून जायची. पावसाळ्यात हुसेनसागरावर शर्यती लागल्या की पांढरी शिडं दिसायची, आणि त्या दिवसांत बाई खिडकीच्या जागेसाठी दोन-दोन बस सोडून द्यायच्या. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी त्या मला घेऊन तळ्याकाठच्या एका शीडशाळेत, शिडाची होडी चालवायला शिकवतात तिथं, गेल्या. टेबलामागच्या तरुणानं न विचारताच सांगितलं, ‘आंटी, बोटिंगचं तिकीट पलीकडे.’ बाई म्हणाल्या, मला शिकायचंय. तो हसला. वाईट हसला असता तर बरं झालं असतं, पण तो फार प्रेमळ हसला. म्हणाला, या वयात कशाला त्रास, तळ्यातल्या बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत मोटरबोट जाते, त्यात आरामात बसा. आंटी हा शब्द ज्यानं आपल्याकडे आणला त्याला एकदा मला भेटायचं आहे. बाई तिथं एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणून मीच घाबरले.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, ‘आपण बांधू.’ मी विचारलं, काय? ‘होडी. आपल्या होडीत बसायला कुणी वय विचारायलंय का?’

आम्हा दोघींपैकी कुणालाही साधं स्टूल करता येत नव्हतं. मी इंटरनेटवरून एका छोट्या शिडाच्या होडीचा आराखडा उतरवून घेतला. आठ फुटांच्या आसपासची, एक शीड, आत जेमतेम दोन माणसं. प्लायवूडचे तुकडे कापायचे, काठांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे, मग सांध्यांत एपॉक्सी हा कडक होणारा डिंक भरून ते पक्के करायचे आणि तारा काढून टाकायच्या. कागदावर हे सगळं फार सोपं दिसतं. कागद छापणाऱ्यांवर बाईंचा पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्यांनी आराखडा जेवणाच्या टेबलावर पसरून सगळी मापं स्वतः पुन्हा काढली, एक चूक सापडली तेव्हाच त्यांना बरं वाटलं.

प्लायवूड आणलं ते पक्कं वॉटरप्रूफ म्हणून. तसा शिक्काही होता. शिक्क्यावर विश्वास ठेवणं बाईंच्या रक्तात नव्हतं, म्हणून त्यांनी एक तुकडा कापून कुकरमध्ये घातला आणि शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर त्याचे सगळे पापुद्रे सुटलेले. वास दोन दिवस घरात होता. बाईंनी तो शिजलेला तुकडा डब्यात भरला, रिक्षा केली आणि दुकानात जाऊन डबा काउंटरवर उघडला. दुकानदार म्हणाला, ‘अम्मा, प्लाय कोई पकाता क्या?’ बाई म्हणाल्या, ‘वॉटरप्रूफ बोले ना तुम? पकाई तो पापड हो गया. खाओ अब.’ दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. त्यानं मुकाट्यानं सगळा माल बदलून दिला, वर पोचवूनही दिला. एरवी मला असल्या तमाशांची लाज वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

काम चालायचं घरापुढच्या पोर्चमध्ये. गाडी नव्हतीच, त्यामुळे जागा होती. तुकडे कापून झाले, भोकं पडली, आणि एका रविवारी आम्ही तारा ओवून पिळायला सुरुवात केली. दुपारपर्यंत नुसत्या वाकड्या फळ्या होत्या. बाई तारांना शिव्या घालत होत्या, मी बाईंना मनातल्या मनात. मग पुढच्या टोकाची शेवटची तार आवळली आणि त्या फळ्या एकदम उभ्या राहिल्या, पोट धरलं, पुढचं टोक वर आलं. बाईंनी पक्कड खाली ठेवली. ‘हौ की गं,’ त्या म्हणाल्या, ‘होडीच दिसायली.’ त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना मी प्रथमच ऐकलं. मग लगेच त्यांना एक तार सैल दिसली आणि सगळं पूर्ववत झालं.

आमची सगळ्यात मोठी चूक ही खास घरची चूक होती. ज्याच्याकडून एपॉक्सी आणलं त्या राणीगंजच्या दुकानदारानं बजावलं होतं की ते वाटीवाटीनंच कालवा, एकदम कालवलं की तापतं. पण बाईंनी आयुष्यभर मुंजी, बारशी आणि गणपतीची जेवणं सांभाळलेली. थोडं थोडं कालवणं त्यांना कद्रूपणाचं वाटे. ‘पाहुणा दारात असताना पीठ भिजवायला बसणाऱ्यातली मी नव्हं,’ असं म्हणून त्यांनी श्रीखंडाच्या मोठ्या पातेल्यात सगळं एपॉक्सी, ते घट्ट करणारं सगळं हार्डनर आणि लाकडाचा भुसा एकदम ओतला आणि डावानं घोटायला घेतलं. भर मे महिना. श्रीखंडाइतकं घट्ट झालं म्हणून त्या खूश होत्या, तेवढ्यात पातेलं तापायला लागलं. मग वाफ, मग धूर. मी पातेलं फडक्यानं धरून बागेत नेऊन टाकलं तेव्हा फडकंही करपलं होतं. थंड झाल्यावर बघितलं तर डाव मधोमध उभा, दगडात रोवल्यासारखा. महिनाभराचा माल गेला. आता बाई कुणावर रागावणार याची मी वाट बघत होते. त्या रागावल्या डावावर. तो त्यांच्या सासूबाईंचा होता.

त्यानंतर मात्र वाटीवाटीनंच कालवलं. सांधे बोटानं भरताना त्या इतक्या एकाग्र व्हायच्या की गल्लीतून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. हाका तर येतच. येणाराजाणारा फाटकाशी थांबायचा आणि सल्ला द्यायचा, कारण आपल्याकडे पाण्यात पाय न बुडवलेल्या माणसालाही होडीचं सगळं कळतं. एकानं विचारलं, नाव काय ठेवणार. बाई म्हणाल्या, ‘नाव कशाला? हाक मारल्यावर येणार हाय का ती?’ दुसऱ्यानं विचारलं, विकणार का. त्याला काय उत्तर मिळालं ते इथं लिहिता येणार नाही. पण पॉलिशपेपरनं लाकूड घासताना त्या पदरानं धूळ पुसायच्या आणि गाल लाकडाला लावून उजेडात खड्डे शोधायच्या, ते मी वरच्या गॅलरीतून बघायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नसे. मी बघतेय हे कळलं की परत यायचा.

शीड शिवलं एका शामियानेवाल्यानं. मोठ्या कापडाची शिलाई त्याच्याइतकी पक्की कुणाची नाही, आणि माप आम्ही दिलं होतं. त्यानं मापात तसूभर चूक केली नाही, फक्त तिन्ही कडांना लाल झालर लावून दिली. साधं साधं बरं दिसत नव्हतं म्हणाला. बाई त्याच्या दुकानात मांडी घालून बसल्या आणि कात्री मागून झालर उसवेपर्यंत उठल्या नाहीत. तोही बिचारा दुसऱ्या टोकानं उसवायला बसला, आणि दोघं उसवता उसवता महागाईवर बोलत होते.

शीडशाळेत आम्ही पुन्हा गेलो ते तीन वर्षांनी, होडी तयार झाल्यावर, फोटो घेऊन. या वेळी तिथले वयस्क कोच भेटले. त्यांनी फोटो नीट पाहिले, पोर्चमध्ये येऊन होडीला चारी बाजूंनी हात लावला, आणि म्हणाले की आमच्या धक्क्यावरून उतरवा. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या होडीतून शेजारी राहतील. सुकाणू बाईंच्या हातात. हे बोलणं माझ्यासमोर झालं आहे. त्यानंतर बाई रोज संध्याकाळी पोर्चमधल्या कोरड्या होडीत बसून सुकाणूचा दांडा हलवायच्या. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, हे अंगात भिनायला हवं असं कोच म्हणाले होते. बाई म्हणाल्या, मला यात काही शिकायचं नाही, मी जन्मभर उलटंच ढकलत आले.

आणि मग त्या न्हाणीघरात घसरल्या. फार काही झालं नाही, मनगट मुरगळलं, रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. पण बंगळुरूहून मिलिंद आला. मिलिंद वाईट माणूस नाही हे मला इथं लिहावं लागतंय, आणि लिहिताना माझा जीव जातोय. तो आईचं सगळं करणारा, दर दोन महिन्यांनी येणारा, औषधांचे डबे वारानुसार भरून ठेवणारा मुलगा. त्यानं ठरवलं की आईनं आता एकटं राहायचं नाही. बंगळुरूला खोली तयार आहे. बाई भांडल्या. तो भांडला नाही, तो नुसता काळजी करत राहिला. काळजी हा शब्द मला तेव्हापासून ऐकवत नाही. काळजी म्हटलं की समोरच्याच्या हातातलं काहीही काढून घेता येतं, आणि वर त्यानंच आभार मानायचे असतात. शेवटी बाईंनी एकच अट घातली. जायच्या आधी होडी पाण्यात जाईल.

तो दिवस उजाडला. टेम्पोतून होडी तळ्यावर आली, वारा मंद होता, पाणी स्वच्छ नव्हतं पण ते कधीच नसतं. बाईंनी साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला होता, वरून लाइफ जॅकेट. कोच आपल्या होडीकडे निघाले तेव्हा मिलिंद त्यांना बाजूला घेऊन बोलला. काय बोलला ते मला लांबून कळत होतं: मनगट, बीपी, वय, जबाबदारी कुणाची. कोचनी बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खांदे पाडले. ते बाईंच्या होडीत चढले आणि सुकाणूशी बसले. मिलिंद आईला म्हणाला, ‘आई, तू मधे बस. नुसती एन्जॉय कर.’

मी भडकले. मी मिलिंदला त्या धक्क्यावर, सगळ्यांसमोर, जे तोंडाला येईल ते बोलले. तीन वर्षं कुणी घासली ही होडी, असं विचारलं. लोक जमायला लागले. माझी खात्री होती की आता बाई तोंड उघडतील आणि हुसेनसागर हलेल. त्या म्हणाल्या, ‘गप बस, पुणेवाली.’ आणि कोचचा हात धरून होडीत उतरल्या, मधे बसल्या. हात मांडीवर ठेवले.

होडी छान चालली. सांध्यांतून थेंब आत आला नाही. शीड भरलं, ती थोडी कलली, पुतळ्याच्या दिशेनं गेली, वळली आणि परत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, आईचं स्वप्न पूर्ण. खाली फुलं, नमस्कार, अंगठे. बाईंनी मलाही त्या ग्रुपात घेतलं होतं; मी ते बघितलं आणि फोन पर्समध्ये कोंबला. बाई पूर्ण वेळ पुढे बघत बसल्या होत्या. व्हिडिओत त्या हसताना दिसतात, कारण मिलिंदनं ‘आई, इकडे बघ’ म्हटलं होतं.

परतताना मिलिंद टेम्पोबरोबर गेला आणि आम्ही दोघी रिक्षात. मी विचारलं, का नाही ओरडलात? त्या म्हणाल्या, ‘त्याचं तोंड पाहिलीस का तू? लहानपणी मी ऑफिसला निघाले की अस्संच करायचा. तेव्हा रोज टाकून गेले गं मी त्याला. आज नाही टाकवलं.’ माझा राग गेला नाही. मला त्यांचाही राग आला. एका तोंडासाठी त्यांनी आपली होडी दिली होती, आणि ते तोंड चाळिशी उलटलेल्या माणसाचं होतं.

बंगळुरूला गेल्यावर त्या दर रविवारी फोन करायच्या. बरं आहे, म्हणायच्या. सून चांगली आहे, हवा चांगली आहे. होडीला व्हार्निश लावलंस का, पालथी ठेवलीस का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मुद्दाम सांगितलं की पोर्चमध्ये मांजरीनं तिच्यात पिल्लं घातलीत. पूर्वीच्या बाई मांजरीसकट मला हाकलून द्यायला निघाल्या असत्या. त्या म्हणाल्या, असू दे. फोन ठेवल्यावर मी मिलिंदला मनसोक्त शिव्या दिल्या, एकटीच, स्वयंपाकघरात उभी राहून. मग फोन कमी झाले. मिलिंद सांगायचा की आई थकली आहे, माणसं नीट ओळखत नाही, पण शांत असते.

बाई गेल्या त्या सकाळी त्याचा मेसेज आला, आई शांतपणे गेली. तेराव्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली, कारण बाईंची सगळी माणसं हैदराबादची. फोटोला हार होता. एकामागून एक लोक उठले. प्रेमळ म्हणाले, सोशिक म्हणाले, शांत म्हणाले. ज्या भाच्याला त्यांनी वर्षभर घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं तो म्हणाला, मावशीचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही. तेव्हा मी उठले. मी म्हणाले, बाई रागीट होत्या. इथं बसलेल्या प्रत्येकावर त्या कधी ना कधी ओरडल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर होतं. त्यांनी जे काही केलं ते कुणीतरी नाही म्हणाल्यावर केलं. त्यांना शांत म्हणून त्यांची आणखी एक वस्तू काढून घेऊ नका. मी बसले. मग कुणीतरी पसायदान सुरू केलं.

बाहेर चपलांजवळ मिलिंद मला भेटायला आला. मी भांडणाच्या तयारीत होते. तो वाळला होता, दाढी वाढलेली. म्हणाला, ‘ताई, शांतपणे नाही गेली आई. ओळखत नाही असं मीच सगळ्यांना सांगत होतो. सगळ्यांना ओळखायची. फक्त माझ्याशी बोलणं सोडलं होतं.’

मी पायातली चप्पल परत काढली.

‘शेवटच्या महिन्यात एकदाच बोलली. म्हणाली, मिलिंद, ती माझी होडी होती. माझ्याच होडीत मला पाहुणी करून बसवलंस. आणि भिंतीकडे तोंड केलं.’

मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच भीती वाटली. बाई तिथं, त्या चांगल्या हवेत, औषधांच्या डब्यांमध्ये, शेवटपर्यंत बाईच होत्या. कुणी त्यांना शांत करू शकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

मिलिंद माझ्याकडे बघत होता. अशा वेळी माणूस ज्यासाठी बघतो त्यासाठीच. म्हणाला, ‘पण आई आहे ती. मनातून माफ केलं असेल ना मला?’

हो म्हणायचं असतं अशा वेळी. आपल्याकडे ती रीत आहे, आणि रीत वाईट नाही. त्याचं तोंडही मी बघितलं. बाईंनी धक्क्यावर पाहिलं असेल ते हेच, हे मला कळलं. मला त्याची दया आली.

‘नाही,’ मी म्हणाले.

तो मान हलवून चपला शोधायला लागला. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण जो राग बाईंनी मरतानाही सोडला नाही, तो त्यांच्या वतीनं सोडून देणारी मी कोण?